डब्याच्या बटणावरची पाटी

राउटरला आमच्या घरात कुणी राउटर म्हणत नाही. डबा म्हणतात. "डबा लुकलुकतोय का बघ," "डबा तापलाय," असं चालू असतं. हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर तो बसलेला असतो आणि त्याचं बटण खाली भिंतीवर, पंख्याच्या आणि दिव्याच्या बटणांच्या रांगेतच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं महाभारत त्या रांगेवरून झालं.

मी भरतकामाची डिझाइनं करते. सुई-दोरा घेऊन बसत नाही हं, कॉम्प्युटरवर बसते. एखादं चित्र घ्यायचं, सुई कुठून शिरणार, कुठे वळणार, कुठल्या रंगाचा दोरा आधी आणि कुठला नंतर, हे टाक्याटाक्याला ठरवायचं आणि त्याची फाइल करायची. ती फाइल कारखान्यातल्या मशीनला मिळाली की मशीनची सुया लावलेली सगळी डोकी एका तालात खाली-वर होत तेच चित्र ओळीनं कापडावर उतरवतात. इतकी वर्षं मी त्या मशीनच्या शेजारच्या काचेच्या खोलीत बसून हेच केलं. मशीन जरा कुरकुरलं तरी मला काचेतून कळायचं.

मग अण्णा पडले. अण्णा म्हणजे माझे सासरे. उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. दोरावर लोंबकळून काम केलेला माणूस, आणि पडला कुठे, तर स्वयंपाकघरात, ओल्या फरशीवर! घरात कुणी नव्हतं. माझे हे शाळेची बस चालवतात, ते दुपारची फेरी संपवून आले तेव्हा अण्णा फ्रिजला टेकून बसले होते आणि पहिलं वाक्य काय, तर "फ्रिजचा आवाज बरोबर नाही, दाखवून घे." हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी बजावलं की यापुढे यांना घरात एकटं ठेवायचं नाही.

आता बस चालवणारा माणूस बस घरात आणू शकत नाही. म्हणजे राहिले मी. नाही तर अण्णांनी धाकट्या दिराकडे जायचं. दीर दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत राहतात. भाऊजी माणूस वाईट नाही, पण ते आणि त्यांची बायको सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावरच येतात. मागे एकदा अण्णा तिकडे महिनाभर राहून आले होते. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला, आणि दोन दिवस नुसते बोलत सुटले होते, साठवून आणल्यासारखे. पुन्हा तो विषय कुणी काढला की उठून आत जायचे.

आणि मला काय, ते गेले तर बरंच, असं कुणाला वाटेल. दिवसभर आमचं भांडण चालू असतं. मी भाजी चिरली की तुकडे मोठे, मी पंखा लावला की वारा जास्त. पण मी या घरात आले तेव्हा कारखान्याची नोकरी सोड असं म्हणणारे ढीगभर होते, आणि अण्णा एकटेच म्हणाले होते, "ती का सोडेल?" तेवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्यानंतर कुणाची पुन्हा विचारायची छाती झाली नाही. मी ते विसरलेले नाही.

म्हणून मी कारखान्याच्या नव्या मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला घरून काम करू द्या.

"घरून?" ते म्हणाले. "मशीन डिझाइन उचलणार कुठून, हवेतून?"

त्यांचंही चुकत नव्हतं. आमचं मशीन जुनं आहे, आणि जुन्या माणसांसारखंच एकाच पद्धतीला चिकटून बसलेलं. त्याला ईमेल कळत नाही. पेन ड्राइव्हवर बंदी आहे, कारण एकदा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळं खातं बंद पडलं. मशीनला एकच गोष्ट येते: ज्या कॉम्प्युटरवर एफटीपी सर्व्हर म्हणजे फायली द्यायची सोय आहे, त्या कॉम्प्युटरच्या नंबरावर स्वतः जायचं आणि हवी ती फाइल उचलून आणायची. नावानं नाही, नंबरानंच. कारखान्यात माझा कॉम्प्युटर त्याच वायरीला जोडलेला होता, त्यामुळे कधी अडलं नव्हतं.

"मग मी ईमेल करते, इथलं कुणीतरी ती फाइल मशीनला देईल," मी म्हटलं.

"मध्ये माणूस नको. माणूस आला की विसरणं आलं, आणि मशीन उभं राहिलं की मला वर उत्तर द्यावं लागतं." मग जरा नरमून म्हणाले, "सोमवारी हॉटेलच्या पडद्यांचं काम लावायचंय, तुमचे ते बगळे. मशीननं बगळ्यांची फाइल स्वतः तुमच्या घरून उचलली, तर बसा घरी खुशाल. नाही उचलली तर इथे येऊन बसा. तेही जमत नसेल, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

तोवरची रजा टाकून घरी आले आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी भाऊजींना फोन केला. भाऊजी म्हणाले, मी सोमवारी गाडी घेऊन येतोच, जमलं तर भेटून जाईन, नाही जमलं तर अण्णांना घेऊन जाईन, काय ते एकदाचं होऊन जाऊ दे. अण्णांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको, असं ह्यांचं म्हणणं, आणि मीही मान डोलावली.

तर असा सगळा मामला. बगळ्यांना सोमवारी आमच्या घरातून उडता आलं पाहिजे, नाही तर अण्णा जाणार.

सर्व्हरचा प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर घातला. नाव दिलं, पासवर्ड दिला, बगळे एका फोल्डरमध्ये ठेवले. ह्यांना म्हटलं, तुमच्या फोनवरून बघा बरं. हे सोफ्यावर आडवे, पायावर पाय. फोनवर काहीतरी टिचक्या मारल्या आणि ओरडले, "आले की गं तुझे बगळे!" मी इतकी खूश झाले की सांगता सोय नाही. म्हटलं, एवढंच होतं होय? आणि मी मेली उगाच घाबरत होते!

दुसऱ्या दिवशी हे शाळेबाहेर बसमध्ये बसून तेच करायला गेले, तर ठणठणाट. काहीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, घरात बसून घरातलं दिसणारच! सोफ्यावरचा फोनही त्याच डब्याला जोडलेला. आमच्या घरात सगळं आपापसांत चालतं, बाहेरच्याला काही पत्ता लागू देत नाही, ही आमची जुनीच खोड आहे.

मग अभ्यासाला बसले. डब्याच्या पोटात एक राखणदार असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. घरातून कुणी बाहेर गेलं तर तो काही बोलत नाही, पण बाहेरून कुणी न बोलावता आलं की दारातूनच परत पाठवतो. चांगलाच आहे बिचारा, पण माझ्या मशीनलाही परत पाठवत होता. त्याला सांगून ठेवावं लागतं की अमुक नंबरच्या दारावर कुणी आलं तर त्याला आतल्या ह्या कॉम्प्युटरकडे पाठव. एफटीपीचं दार एकवीस नंबरचं. मी डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले, ते दार उघडलं, ते माझ्या कॉम्प्युटरकडे वळवलं आणि ह्यांना फोन केला.

"आत शिरलो!" हे बसमधून म्हणाले. "पासवर्ड घेतला... आता फिरतंय... फिरतंय..."

"काय फिरतंय?"

"ते गोल. फिरतंच आहे. अगं, मुलं आली, ठेवतो."

पुढचे दोन दिवस त्या गोलानं माझ्या नाकात दम आणला. नाव घेतो, पासवर्ड घेतो, या बसा म्हणतो, आणि यादी काही दाखवत नाही! असा राग आला की कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर टाकावा. अण्णा खुर्चीतून विचारत होते, "कुणाशी भांडतेयस?" म्हटलं, "कुणाशी नाही, तुम्ही गोळी घ्या."

शेवटी कळलं. काही जुन्या दुकानांत कसं असतं, पुढच्या खिडकीवर तुमची पावती फाडतात आणि माल मागच्या गोदामाच्या दारातून घ्यायला सांगतात. एफटीपीचं अगदी तसंच आहे. एकवीस नंबरच्या दारावर फक्त बोलणं होतं. माल, म्हणजे यादी आणि फायली, दुसऱ्याच दारानं जातो, आणि ते दार दर वेळी नवीन. बरं, सर्व्हर आलेल्याला त्या मागच्या दाराचा पत्ता कुठला देत होता? घरातल्या घरात चालणारा! म्हणजे बाहेरच्या माणसाला सांगायचं की "आमच्या मधल्या खोलीतून डावीकडे वळा." तो बिचारा रस्त्यात उभा. त्याला मधली खोली कुठून दिसणार?

कळलं तशी पदर खोचला. सर्व्हरला दटावलं: मागची दारं तुझ्या मनाला येतील ती नाही चालायची, एवढीच वापरायची. तेवढीच दारं डब्यातल्या राखणदाराला उघडायला लावली. आणि पत्ता सांगायचा तो घराचा बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा नंबर सांगायचा, म्हणून तो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये भरला. मग कारखान्यात मशीन मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे मशीनचे सर्वेसर्वा. चष्मा कायम कपाळावर, आणि बोलणं असं की मशीन त्यांची सख्खी मुलगी. त्यांना आमचा नंबर सांगितला.

"थांबा, घालतो," मास्तर म्हणाले. बटणांचा आवाज. "हां... आत गेलं... अरे वा, बाई, यादी आली! बगळा, बगळा, अर्धा बगळा..."

"तो अर्धा नाही, तो वाकलेला आहे!"

"असू दे, असू दे. दिसतोय ना? मी हा नंबर चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवूनच टाकतो."

मी फोन ठेवून हॉलमध्ये एक गिरकी घेतली. अण्णांनी पेपर खाली करून बघितलं आणि पुन्हा वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा फोन. "बाई, काही लागत नाहीये."

मी म्हटलं असं कसं होईल? बघते तर घराचा बाहेरचा नंबरच बदललेला! पुन्हा नवा नंबर सर्व्हरमध्ये भरला, मास्तरांना सांगितला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंटरनेटच्या कंपनीत फोन केला. तिथली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, डबा बंद करून चालू केला की नंबर बदलतो. तुम्ही बंद करता का?"

"आम्ही कशाला बंद करू?" मी कडाडले. "तुमचीच लाइन मरते मधूनमधून!"

"कायमचा नंबर हवा असेल तर अर्ज करा मॅडम, पण त्याला वेळ लागेल."

अर्ज केला. तिला वर दोन शब्द सुनावलेही. सोमवार काही अर्जासाठी थांबणार नव्हता. मास्तरही वैतागले होते, म्हणाले, "बाई, मॅनेजरसाहेब विचारत होते, मी काय सांगू?" मी म्हटलं, सांगा सगळं ठीक आहे. ह्यांनी अण्णांची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती, पलंगाखाली सरकवून. मी केर काढताना ती झाडूला लागली आणि मला रडूच कोसळलं. तशीच बसले फरशीवर.

शनिवारी दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. हातात चादरीचा गठ्ठा, त्यामुळे आत आले ती आवाज न करता आले. अण्णा जेवून झोपायला निघाले होते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. भिंतीच्या आधारानं हळूहळू पुढे सरकत होते आणि वाटेत जे बटण येईल ते बंद करत होते. पंखा, टक. दिवा, टक. त्याच्या पुढचं, टक. वर फळीवरचा डबा डोळे मिटून गप्प झाला.

"अण्णा!"

चादरी माझ्या हातातून पडल्या. अण्णा दचकले, काठी भिंतीवर आपटली.

"काय झालं?"

"डबा बंद केलात?"

"केला," ते म्हणाले, जसं काही ते रोजचंच आहे. आणि रोजचंच होतं! "तापतो तो. काम संपलं की सगळं बंद करून जायचं. आयुष्यभर तेच केलंय. उठलो की लावतो परत."

तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर मी कुणाकुणाच्या नावानं बोटं मोडली, त्या गोड आवाजाच्या मुलीला सुनावलं, आणि इथे हा माणूस रोज जेवून उठला की माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतून शांतपणे झोपायला जात होता! जे बोलायचं नाही असं ठरलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"तो डबा बंद झाला तर तुम्हाला भाऊजींकडे जावं लागेल, कळतंय का तुम्हाला? सोमवारी येतायत ते न्यायला! तुमची बॅग पलंगाखाली आहे!"

बोलले आणि जीभ चावली. अण्णा तसेच भिंतीला धरून उभे. मग हळूच सोफ्यावर बसले.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मशीन, राखणदार, मागची दारं, नंबर. डबा बंद झाला की घराचा पत्ताच बदलतो आणि मशीनला आपलं घर सापडत नाही, हे सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे तू मला ठेवून घ्यायला हे सगळं करतेयस?"

"मग काय हौस म्हणून?" मी म्हटलं, आणि नाक पदराला पुसलं.

अण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझी हत्याराची पेटी काढ."

"आता कशाला ती?"

"काढ म्हटलं ना."

पेटी त्यांच्या कपाटात खाली असते. त्यांनी ती मांडीवर घेतली, पाने-पकडी बाजूला केल्या आणि तळातून पत्र्याची एक लाल पाटी काढली. तळहाताएवढी, वर भोक, भोकात वायर. रंग कुठे कुठे उडालेला. एका बाजूला लिहिलेलं, "माणूस कामावर आहे. हात लावू नये." दुसऱ्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं अण्णांचं नाव.

"आम्ही वर शिरायचो ना लिफ्टच्या शाफ्टमध्ये," अण्णा म्हणाले, "तेव्हा खाली मेन स्विचवर ही लावून जायचो. प्रत्येकाची आपापली. ही लावली की बटणाला कुणी शिवायचं नाही, साहेब येऊ दे नाही तर साहेबाचा बाप. आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्या कुणी नाही. कारण वर कोण लटकतंय ते त्यालाच माहीत." त्यांनी पाटी बाहीनं पुसली. "डबा चालू कर."

मी केला. डब्यानं एकेक डोळा उघडला. मग अण्णा काठीवर भार देऊन उठले, माझा हात धरू दिला नाही, आणि त्या तिसऱ्या बटणावर वायर गुंडाळून पाटी लावली. दोनदा ओढून बघितली.

"आता बघू कोण बंद करतो," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

मी नवा नंबर सर्व्हरमध्ये भरला आणि फोन करून मास्तरांना सांगितला. आणखी एक कडी लावून टाकली: ही दारं आता फक्त कारखान्याच्या नंबरालाच उघडायची, इतर कुणालाही नाही. ह्यांनी घरी येताना बसमधून लावून बघितलं, तर त्यांनाही बाहेरच काढलं. "मी नवरा आहे म्हणावं त्याला!" हे म्हणाले. रविवार गेला. पाटी जागेवर, डबा जागा, नंबर तोच. मी दर तासाला उठून बघत होते आणि दर वेळी अण्णा म्हणत होते, "आहे गं, आहे."

सोमवारी सकाळी भाऊजी आले. गाडी खाली लावली, वर येऊन अण्णांच्या पाया पडले, पाणी प्यायले. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. खुर्ची मात्र सरकवून बटणांच्या शेजारी घेतली होती.

"फोनची बॅटरी पार गेलीय," भाऊजी म्हणाले आणि चार्जर काढून भिंतीकडे वळले. हात डब्याच्या प्लगकडे गेला. मी काही बोलायच्या आत अण्णांची काठी आडवी आली.

"पाटी दिसत नाही?"

"अहो अण्णा, दोन मिनिटं फक्त—"

"तुझं काय वर लटकतंय? हिचं लटकतंय. माझं लटकतंय. स्वयंपाकघरात लाव जा."

भाऊजी चार्जर घेऊन मुकाट्यानं आत गेले.

मास्तरांचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर ठेवला. मागे मॅनेजर असणार, कारण मास्तर एरवीपेक्षा शुद्ध बोलत होते. "बाई, पडदा लावलेला आहे. डिझाइन मागवतो."

मी सर्व्हरच्या खिडकीकडे डोळे लावून बसले. कुणी दारावर आलं की त्यात लगेच एक ओळ उमटते.

ओळ उमटेना.

"लागत नाहीये," मास्तर म्हणाले. मागे कुणीतरी घसा खाकरला. भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते, हे बसच्या चाव्या हातात खेळवत होते. अण्णांनी पाटीला हात लावून बघितला. पाटी होती, बटण चालू होतं, डबा लुकलुकत होता.

मग माझं डोकं चाललं. लागत नाही हे ठीक, पण माझ्या दारावर कुणी आल्याचीसुद्धा ओळ नाही! यादी नाही, पासवर्ड नाही, साधी टकटक नाही. दार बंद असतं ते वेगळं, पण इथे कुणी दारापर्यंत आलंच नव्हतं. हा माणूस दुसऱ्याच कुणाचं दार वाजवतोय!

"मास्तर," मी म्हटलं, "मशीनवर कुठला नंबर घातलाय तो वाचा."

"चिठ्ठीवरचा."

"वाचा!"

त्यांनी वाचला. तो पहिल्या दिवसाचा होता. मशीनला चिकटवलेला.

"आणि शनिवारी मी सांगितलेला?"

पलीकडून खिसे चाचपल्याचा आवाज. "अरेच्चा," मास्तर म्हणाले. "हा काय, खिशातच राहिला. रविवारी कारखाना बंद होता ना, बाई..."

"घाला तो!" मी इतक्या जोरात ओरडले की खाली रस्त्यावरचं कुणीतरी वर बघायला लागलं असेल. "एकेक आकडा वाचून घाला, आणि चष्मा डोळ्यांवर घ्या आधी!"

आकडे वाचत वाचत त्यांनी घातला. मी आणि अण्णा दोघंही ओठ हलवत होतो.

ओळ उमटली. कारखान्याचा नंबर, माझ्या दारात! पुढची ओळ: नाव बरोबर. पुढची: पासवर्ड बरोबर. पुढची: यादी मागितली. त्या गोलानं मला जिथे अडवून धरलं होतं ती जागा आली. मागचं दार उघडलं. यादी गेली. मग बगळ्याचं नाव, आणि फाइल निघाली. टक्के चढत गेले, चढत गेले, पूर्ण.

फोनमधून मास्तरांचा आवाज, आता शुद्धबिद्ध सगळं विसरून: "आला! आला बाई, पूर्ण आला! लावतो!"

आणि मशीन चालू झालं. तो आवाज मी काचेतून वर्षानुवर्षं ऐकलेला. आधी एक घरघर, मग सगळी डोकी एकदम, एका तालात, फोनमधून आमच्या हॉलमध्ये. पहिला रंग पांढरा, हे मीच ठरवलेलं. कुठेही अडखळ नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही येऊ दिलं.

मॅनेजर फोनवर आले. "बाई, उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "घरूनच पाठवत जा. पुढचं डिझाइन कधी देताय?"

ह्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली, बसच्या चाव्या पाठीत टोचल्या. "अगं, काय बाई आहेस तू!" ते म्हणाले. "माझी बायको आहे!" हे भाऊजींना उद्देशून, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. भाऊजीही हसले. "वहिनी, मानलं," म्हणाले. मग जरा घुटमळून अण्णांकडे वळले. त्यांनाही वाईट वाटत असणार, एवढ्या लांबून आले होते. बॅग कुणीतरी पलंगाखालून काढून दाराशी ठेवली होतीच.

"अण्णा, आता झालं ना सगळं मनासारखं? मग चार दिवस तरी चला माझ्याकडे. काम झालं, आता ती पाटी काढून ठेवू."

त्यांचा हात पाटीकडे गेला. या वेळी अण्णांनी काठी उचलली नाही.

"पाटी कुणी लावलीय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग काढणार कोण?"

लहानपणापासून त्यांनी ते ऐकलेलं असणार. भाऊजींचा हात खाली आला. "तुम्हीच, अण्णा."

"आणि काम संपल्याशिवाय काढतात का?"

"नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं, विचारल्यासारखं. "सूनबाई, संपलं का काम?"

फोन अजून चालूच होता, मशीन बगळ्यामागून बगळा काढत होतं.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "हे आता रोजचंच आहे. तुम्ही असेपर्यंत चालायचं."

"ऐकलंस?" अण्णा धाकट्याला म्हणाले. "बॅग आत ठेव. आणि तू राहा दोन दिवस, आलायस तर. फ्रिजचा आवाज बघ जरा, हे लोक माझं ऐकत नाहीत."

भाऊजींनी बॅग आत नेली आणि स्वतःच्या हातानं अण्णांचे कपडे कपाटात परत लावले. मग गाडीत जाऊन आपली बॅग घेऊन आले. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, अण्णा उठले, भिंतीला हात लावत झोपायला निघाले. पंखा बंद केला. दिवा बंद केला. पाटीपाशी थांबले, वायर एकदा ओढून बघितली, आणि पुढे गेले.